ट्रॅक्टर आणि यतना

बोरिवलीहून रोज पश्चिम रेल्वेने शहराकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने कांदिवली म्हणजे गर्दीचा आणखी एक टप्पा. या स्थानकाच्या पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर देशातील एक जुना ट्रॅक्टर कारखाना आहे, हे त्याच्या मनातही येत नाही. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि १९७७ मध्ये ती महिंद्रा अँड महिंद्रामध्ये विलीन झाली. कांदिवलीच्या ट्रॅक्टरांनी गावोगावची शेते नांगरली. पण शेजारच्या उपनगरांतील दुकानदारांच्या घरी ट्रॅक्टर हा शब्द फारसा कधी उच्चारला गेला नाही.

बोरिवलीत भांड्यांचे दुकान असलेल्या अशाच एका जैन कुटुंबात तो गेल्या लाभपंचमीला प्रत्यक्ष वस्तू होऊन आला. घरातील कर्ते गृहस्थ ६४ वर्षांचे. दुकान आता मुलगा आणि पुतण्या सांभाळतात. डहाणू तालुक्यात आजोबांच्या काळापासून ६ एकर चिकूची वाडी आहे. पूर्वी तिकडे वर्षातून दोनदा जाणे होई. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि दर आठवड्याला जाणे शक्य झाले. डहाणू घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर वाडीकडे पाहण्याची घरच्यांची दृष्टीही बदलली. मजूर मात्र वेळेवर मिळेनासे झाले, आणि गवत कोणाची वाट पाहत नाही.

ट्रॅक्टर घ्यायचा तर छोटाच, हे वाडीनेच ठरवले होते. चिकूची लागवड दहा दहा मीटरवर, म्हणजे एकरी सुमारे ४० झाडे. अंतर ऐकायला ऐसपैस वाटते. पण जुन्या झाडांच्या फांद्या जमिनीकडे झुकून एकमेकींना भिडलेल्या असतात. मोकळ्या रानासाठी घडवलेला उंच, रुंद ट्रॅक्टर तेथे शिरला तर फांद्या मोडतो आणि मुळांवरची माती दाबून टाकतो. जपानमध्ये भाताच्या लहान खाचरांसाठी असे आटोपशीर ट्रॅक्टर फार पूर्वीपासून तयार होतात. आपल्याकडे द्राक्षबागा आणि फळबागांमुळे त्यांना मागणी आली. महिंद्राने जपानच्या मित्सुबिशीच्या साहाय्याने तयार केलेली ‘ओजा’ ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाऊन येथे सादर केली; नाव संस्कृतातल्या ‘ओजस्’वरून घेतलेले. स्वराज, कुबोटा, कॅप्टन यांचीही लहान यंत्रे बाजारात आहेत. या गृहस्थांनी चार ठिकाणी चौकशी करून २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला एक ट्रॅक्टर नक्की केला.

खरेदीची वेळ त्यांनी व्यापाऱ्याच्या सावधपणाने साधली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच लाखांच्या मूळ किमतीवर हा फरक ३५ हजारांचा होतो. पुतण्याने आणखी एक युक्ती सुचवली: बिल दुकानाच्या नावाने घ्यावे, म्हणजे उरलेल्या ५ टक्क्यांची वजावटही पदरात पडेल आणि घसाराही दुकानाच्या वहीत दाखवता येईल. ते त्यांनी तेथेच थांबवले. ताज्या फळांवर जीएसटी नाही, शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. मग त्या उत्पन्नासाठी केलेला खर्च भांड्यांच्या नफ्यातून वजा कसा होणार? “वाडीचा खर्च वाडीच्या वहीत,” एवढेच ते म्हणाले. बिल, नोंदणी आणि विमा त्यांच्या वैयक्तिक नावाने झाला. मोटारीचा परवाना होताच. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील हलक्या वाहनाच्या व्याख्येत ७५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टरही येतो. काही रक्कम बँकेच्या कर्जातून उभी केली असल्याने नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा चढला. कर्ज फिटले की बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात देऊन तो उतरवून घ्यावा लागतो. कर्जफेड वेळेवर करणारी अनेक कुटुंबे नेमके हे शेवटचे काम विसरतात आणि पुढे ट्रॅक्टर विकताना अडतात. त्यांनी ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

त्यानंतर खरा हिशेब सुरू झाला. सर्व धरून ट्रॅक्टर सहा लाखांना पडला. आयुष्य दहा वर्षे धरले, तर व्याज आणि डिझेल सोडून वर्षाला ६० हजार. वर्षात ६० तासच चालला तर तासाला १,००० रुपये, १५० तास चालला तर ४०० आणि ३०० तास चालला तर २००. उभा ट्रॅक्टर म्हणजे गोदामात पडून राहिलेला माल, हे कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. स्वतःच्या ६ एकरांत ३०० तासांचे काम निघणे अशक्य. म्हणून शेजारच्या वाड्यांना तो भाड्याने द्यावा, असे मुलाने सुचवले. आकडे त्याच्या बाजूने होते.

घरात ८८ वर्षांच्या बा आहेत. त्यांनी आकडे ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘फोडी-कम्मे’ आहे, म्हणजे जमीन फोडण्याचा धंदा. आणि ‘भाडी-कम्मे’ही आहे, म्हणजे वाहने आणि जनावरे भाड्याने देण्याचा धंदा. एका यंत्राने दोन्ही दारे उघडणार का? मुलगा म्हणाला, “बा, बैलांना राबवण्यापेक्षा हे बरे नाही का?” हा युक्तिवाद पोकळ नव्हता. जिवावर झेपेल त्यापेक्षा अधिक भार लादणे हा अहिंसाव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक आहे, आणि चिखलात रुतलेली गाडी ओढणारे बैल ज्याने पाहिले आहेत त्याला तो अतिचार पुस्तकात वाचावा लागत नाही. बांनी ते मान्य केले. मग दुसरा प्रश्न आला. “उपासकदशांगातला आनंद श्रावक मोठा शेतकरी होता. त्यानेही ५०० नांगरांची मर्यादा केली. तुझ्या एका ट्रॅक्टरची मर्यादा किती?”

हा प्रश्न सहज बाजूला सारता येण्यासारखा नव्हता. घसाऱ्याचे गणित सांगत होते, यंत्र जितके अधिक चालेल तितके स्वस्त. व्रताचे गणित सांगत होते, यंत्र जितके कमी चालेल तितके बरे. दोन्ही हिशेब बरोबर होते आणि दोन्ही एकाच तासमीटरवर मोजले जाणार होते. चार दिवसांच्या विचारानंतर त्यांनी वर्षाला १५० तासांची मर्यादा घेतली. शेजाऱ्याला नड असेल तर त्या मर्यादेतच ट्रॅक्टर द्यायचा. त्याने डिझेल भरायचे आणि चालकाची मजुरी द्यायची, भाडे घ्यायचे नाही. तासाला २०० ऐवजी ४०० रुपये पडणार, हे त्यांनी मुलासमोर स्वतःच्या हाताने लिहिले. मुलाने विचारले, हा वरचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा? ते म्हणाले, “माझ्या.”

अवजारांची निवडही त्याच विचाराने झाली. विक्रेता रोटाव्हेटरसह सौदा करू पाहत होता. त्यांनी रोटाव्हेटर नाकारला आणि गवत कापण्याचे यंत्र व छोटी ट्रॉली घेतली. चिकूची अन्न शोषणारी मुळे बरीचशी वरच्या थरातच पसरलेली असतात. रोटाव्हेटरची पाती ती तोडतात, शिवाय गांडुळांचाही नाश करतात. गवत जमिनीपासून चार बोटे वर कापून तेथेच पडू दिले तर त्याचे आच्छादन होते, ओल टिकते, माती उघडी पडत नाही. जीवदया आणि झाडाचे आरोग्य यांची वाट येथे एकच निघाली.

राहिले शिकणे. शेजारच्या वाडीवर काम करणारा एक वारली तरुण अनेक वर्षे ट्रॅक्टर चालवत होता. त्याला रविवारी बोलावले. पहिल्या दिवशी त्याने इंजिन सुरूच करू दिले नाही. इंजिनाचे तेल, रेडिएटरचे पाणी, हवेची गाळणी, चाकांतली हवा आणि नटबोल्ट तपासायला लावले. दुसऱ्या रविवारी रिकामा ट्रॅक्टर मोकळ्या जागेत. चाळीस वर्षे मोटार चालवलेल्या माणसाला वाटते, हे काय कठीण? पण ट्रॅक्टरचा वेग हाताच्या खटक्याने ठरवून ठेवलेला असतो. “शेठ, ही मोटार नाही. पाय उचलला म्हणून ती हळू होणार नाही,” असे तो पुन्हा पुन्हा बजावी. उजव्या पायाखाली ब्रेकचे दोन पेडल: एक डाव्या चाकाचे, एक उजव्या चाकाचे. वाडीत चिंचोळ्या जागी वळताना त्यांतले एकच दाबता येते. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिट्टीने जोडलेच पाहिजेत, नाहीतर जोरात ब्रेक मारताच ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जाऊन उलटू शकतो. तिसऱ्या रविवारपासून शेठ त्याला ‘मास्तर’ म्हणू लागले. तो संकोचला, पण शिकवण्यात त्याने सूट दिली नाही.

चौथ्या रविवारी गवताचे यंत्र जोडले. इंजिनाची शक्ती मागच्या अवजाराला देणारा दांडा, ज्याला सगळे पीटीओ म्हणतात, मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९. उपरणे, ओढणी किंवा सैल बाही त्यात अडकली तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. हे ऐकून त्यांनी वाडीवर सैल सदरा घालणे सोडले. दोन ओळी कापून झाल्या. मास्तर पुढे उभा राहून हाताने वळण दाखवत होता. त्यांनी क्लच दाबला, आणि ट्रॅक्टर थांबला नाही. जड पात्यांना मिळालेली गती दांड्यातून उलटी गिअरपेटीत येत होती आणि चाकांना पुढे ढकलत होती. मास्तर बाजूला उडी मारून निसटला. ट्रॅक्टर तीन-चार फूट पुढे जाऊन कुंपणाची तार ताणून थांबला. कोणाला काही झाले नाही. पात्यांची गती उलटी येऊ न देणारी, एकाच दिशेने फिरणारी जोडणी अशा यंत्राला लावता येते. विक्रेत्याने ती सुचवली नव्हती. ती आठवड्याभरात बसवली गेली. आणि दोन नियम कायमचे झाले: पाती फिरत असताना ट्रॅक्टरच्या पुढे-मागे कोणी उभे राहायचे नाही, आणि पीटीओ बंद करून पाती पूर्ण थांबल्याशिवाय आसन सोडायचे नाही.

नाताळच्या सुट्टीत बोरिवलीहून नातू आला. गावोगावी मुले ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मिरवतात, तसे त्यालाही बसायचे होते. तो रडला, त्याची आजी रागावली, पाहुणेही म्हणाले, एक फेरी मारली तर काय होते? आजोबांनी किल्ली खिशात घातली आणि त्या दिवशी ट्रॅक्टर सुरूच केला नाही. एका धक्क्याने मडगार्डवरून घसरलेले मूल थेट मागच्या चाकाखाली जाते, हे त्यांना आता ठाऊक होते.

आपल्या परंपरेत ‘यतना’ हा शब्द लहानपणापासून कानावर येतो: चालावे ते यतनेने, बसावे ते यतनेने, बोलावे ते यतनेने. तो शब्द प्रवचनात जितका सोपा वाटतो तितका टनभर वजनाच्या यंत्रावर बसल्यावर राहत नाही. वाडीत आता कापणीपूर्वी दोघे जण काठीने गवत हलवत एक फेरी मारतात. कापणी एका कडेने सुरू होऊन कुंपणाकडे सरकते, म्हणजे गवतातल्या जिवांना पळायला वाट उरते. दव वाळल्याशिवाय सुरुवात नाही आणि सूर्यास्तापूर्वी काम बंद. येत्या चातुर्मासात ट्रॅक्टर शेडमध्येच राहील: पावसात जमिनीवर जीवसृष्टी उफाळलेली असते आणि ओल्या मातीवर चाक फिरले तर ती दबून घट्टही होते. तेव्हा टाकी डिझेलने भरून ठेवायची, बॅटरीची तार सोडायची आणि तबकडी चिकटू नये म्हणून क्लच दाबून अडकवून ठेवायचा, हे मास्तरने आधीच सांगून ठेवले आहे.

तासांची वही मुनीमजींच्या वळणाने लिहिली जाते. तारीख, मीटरवरचे तास, डिझेल, आणि चौथा रकाना ‘थांबण्याचे कारण’. त्यात आतापर्यंत धामण एकदा, बेडूक अनेकदा, ओली जमीन दोनदा आणि ‘नातू’ एकदा, अशा नोंदी आहेत. या रकान्याची बेरीज रुपयांत होत नाही. पण बा वाचायला मागतात तो हाच.