कळ मोजणारा हात

प्रवेशाच्या वेळी, नोकरीच्या मुलाखतीला, अगदी लग्नाच्या बैठकीतही एक प्रश्न ठरलेला असतो: नर्सिंगकडे का वळलात? उत्तरही ठरलेलं. “रुग्णसेवेची आवड.” आमच्या बॅचच्या झाडून सगळ्या मुलींनी हेच सांगितलं होतं. त्या खोटं बोलत होत्या असं नाही, पण अर्धंच बोलत होत्या. उरलेलं अर्धं म्हणजे नोकरी.

माझ्या मावशीच्या वेळी बारावीनंतर डी.एड. केलं की शिक्षिकेची ऑर्डर हातात पडायची. मग डी.एड. कॉलेजं उदंड झाली, भरती थांबली आणि पदविका घेतलेल्या मुली घरी बसल्या. आमच्या मराठवाड्यात आईबापांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि धाकट्या मुलींना नर्सिंगच्या पदविकेला, जीएनएमला घातलं. तीन वर्षांचा कोर्स, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग सरकारी नाही तर खासगी, कुठंतरी हाताला काम. मीही त्यातलीच. यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. आणि हे काही आजचंही नाही. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन ही संस्था काढली. तिथल्या बायका पुढे ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या, त्यांत विधवाही होत्या. कुणाही परक्याच्या अंगाला हात लावायचा, त्याचं भांडं उचलायचं, हे तेव्हाच्या पांढरपेशा घरांना पचणारं नव्हतं. त्या बायकांच्या मनात सेवाभाव असेलच. पण दीर-भाच्यांच्या दारात पोळ्या लाटत आयुष्य काढायचं नाही, हेही असणारच. सेवेचं इतकं कौतुक झालं की पगाराचं बोलायला संकोच वाटतो, आणि हा संकोच अकरा-अकरा महिन्यांची कंत्राटं देणाऱ्यांच्या फार सोयीचा असतो.

तर आले नोकरीसाठी. माझी नेमणूक झाली लेबर रूमला, आणि तिथं मला या कामाची गोडी लागली ती एका हातामुळे. आमच्या इन्चार्ज सिस्टरांच्या.

पहिलटकरीण रात्री अकराला येते. दिवस भरलेले, सोबत सासू आणि आशाताई. म्हणते, पोट सारखं दुखतंय. सारखं म्हणजे किती? ते तिला सांगता येत नाही आणि सांगता यावं अशी अपेक्षाही नाही. अशा वेळी सिस्टर खाटेशी स्टूल ओढतात, घड्याळ समोर धरतात, तळहात पोटाच्या वरच्या भागावर ठेवतात आणि दहा मिनिटं नुसत्या बसतात. बोटं रुतवायची नाहीत, हात फिरवायचा नाही. कळ येते ती आधी हाताला समजते आणि मग बाईच्या कपाळावर दिसते. हाताखाली पोट भरत येतं, घट्ट होतं, तसंच राहतं, मग हळूहळू सैल पडतं. दहा मिनिटांत तीन कळा आणि प्रत्येक चाळीस सेकंदांच्या वर, तर बाळंतपण जोर धरतंय. कळ ओसरली की लगेच बाळाचे ठोके ऐकायचे. मिनिटाला 110 ते 160 असले तर ठीक. कळ जाऊनही ठोके खालीच राहिले तर डॉक्टरांना हाक. दर वेळची नोंद पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या आलेखावर.

पुस्तकात हे अर्ध्या पानात आटोपतं. प्रत्यक्षात सगळ्यात जड गेलं ते दहा मिनिटं बसणं. कारण वॉर्डात बसलेली सिस्टर कामचुकार दिसते. नातेवाइकांना दिसते, साहेबांना दिसते आणि हळूहळू स्वतःलाही वाटायला लागते. धावणारी सिस्टर म्हणजे कामाची, असा आमच्याकडे समज आहे. एका खाटेशी दहा मिनिटं बसणाऱ्या बाईला काय काय कळतं, हे त्या हाताखाली शिकल्याशिवाय ध्यानात येत नाही.

बाळ बाहेर आलं की सगळ्यांचे डोळे बाळाकडे. ते रडलं, वॉर्डातल्या मावशींनी वजनकाटा पुसला, सासूनं “काय झालं?” विचारलं. आमचं लक्ष मात्र आईकडेही हवं. मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिन, 10 युनिट. हे इंजेक्शन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, म्हणून ड्युटीवर आल्यावर आधीच्या पाळीकडून ओव्हर घेताना सिस्टर आधी फ्रीज उघडून बघतात. लाइट किती वेळ गेली होती ते विचारतात. वार पडल्यावर पुन्हा हात पोटावर, आता बेंबीच्या आसपास. गर्भाशयाची पिशवी चेंडूसारखी टणक लागली पाहिजे. मऊ लागली तर ती चोळायची, लघवीची पिशवी भरलीय का बघायचं, हाक मारायची. खाली रक्त दिसायच्या आधी पुष्कळदा पिशवी ढिली पडल्याचं हाताला लागतं. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी हेच. अंगावरून जास्त जाऊन बाई दगावणं हे बाळंतपणातल्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे, आणि ते थोपवण्याची सुरुवात अशी तळहातापासून होते. मी एकदा केसपेपर वाचून दाखवायला लागले तर सिस्टर म्हणाल्या, “कागद नंतर. आधी हात लाव.”

झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट चालू असतं तेव्हाही तसंच. गुडघ्याखाली हातोडीनं टिचकी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16 च्या खाली तर गेला नाही ना, लघवी तासाला 30 मिलीच्या वर आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढचा डोस द्यायचा नाही. ऑर्डर डॉक्टरांची असते, पण सिरिंज हातात घेऊन थांबायचं की नाही, ते खाटेशी उभ्या असलेल्या बाईला ठरवावं लागतं.

आता आमची एक बदनामीही बोलून टाकते, कारण ती खोटी नाही. लेबर रूममधल्या सिस्टर ओरडतात. “तेव्हा बरं वाटलं, आता कशाला रडतेस?” हे वाक्य ऐकलं नाही अशी बाळंतीण विरळा. तीन टेबलं भरलेली आणि एकच सिस्टर असली की आवाज चढतो, हे मी पाहिलंय. म्हणून ते माफ होतं असं मला वाटत नाही. ओरडल्यानं कळ लवकर संपत नाही. बाई अंग आखडून घेते आणि काम वाढतं. केंद्र सरकारच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतिणीजवळ तिच्या घरची एक बाई असावी, दोन टेबलांमध्ये पडदा असावा, हेही आलं आहे. पडद्याला असे कितीसे पैसे लागतात? पण पडदा लावायचं सुचायला सरकारी कार्यक्रम लागला.

मला पुढे मिडवाइफरीचा कोर्स करायचाय. नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, अठरा महिन्यांचा. केंद्रानं त्याची मार्गदर्शक तत्त्वं 2018 मध्ये काढली. आमच्या शेजारच्या तेलंगणानं त्याआधीच करीमनगरला सुरुवात केली होती. यात साधं, गुंतागुंत नसलेलं बाळंतपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिडवाइफनं स्वतःच्या जबाबदारीवर करायचं असतं, आणि काही बिनसतंय हे वेळेत ओळखून डॉक्टरांकडे द्यायचं असतं. यातलं दुसरं पहिल्यापेक्षा अवघड. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसली. खासगी दवाखान्यांत तर 47.4 टक्के, सरकारीत 14.3. निम्म्या बायकांचं पोट फाडल्याशिवाय मूल होत नाही, असं शरीर सांगत नसतं. खाटेशी थांबायला कुणाला सवड नाही, हेही त्यामागचं एक कारण आहे असं माझं मत आहे. डॉक्टरांना वेळ नसेल तर तो आम्हाला द्या, आणि वेळेबरोबर अधिकारही द्या.

माझ्या बॅचच्या निम्म्या मुली मात्र दुसरीकडे बघताहेत. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. तेव्हापासून बॅचच्या ग्रुपवर जर्मन भाषेच्या बी-वन, बी-टू या पातळ्यांशिवाय दुसरं बोलणं नाही. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. घरावर कर्ज आहे, भावाचं शिक्षण आहे, आणि इथं कायमची ऑर्डर कधी निघेल याचा भरवसा कुणी देत नाही. जी जाईल तिनं नीट करार वाचून जावं, एवढंच.

मी तूर्त इथंच आहे. कोर्सला बाळंतपणं केल्याचा अनुभव लागतो, म्हणून रात्रपाळी मागून घेते. रात्री बायका जास्त येतात, आणि बसलेली सिस्टर बघायला साहेब नसतात. जर्मनच्या क्लासचा नंबर एका मैत्रिणीनं पाठवलाय. तो मी पुसलेला नाही.