काडी आणि कागद

माझे अक्षर चांगले आहे. शाळामास्तराजवळ दुसरे वैभव ते कोणते असणार! ग्रामसभेचा ठराव असो, लग्नपत्रिकेचा मजकूर असो, नाहीतर पीकविम्याचा अर्ज असो. गावातली माणसे कागद घेऊन माझ्या ओट्यावर येतात. या अक्षराचा मला गर्व होता. तो कसा उतरला, त्याची ही हकीकत आहे.

दिवाळी नुकतीच झाली होती. सोयाबीन घरात आले होते, तूर शेतात उभी होती. आमच्या रिसोड तालुक्यातल्या एका घरी ओसरीवर दहाबारा माणसे जमली. दोन वर्षांपासून लेक माहेरी होती, आणि आज दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ‘एकदाचे तोडून टाकू’ असे ठरविले होते. बाँड आणलेला होताच. मुलीचे वडील म्हणाले, “गुरुजी, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय. तुमीच लिहा जी.”

मी लिहिले. उभयतांच्या राजीखुशीने नाते संपले. मुलीचा पोटगीवर, दागिन्यांवर, भांड्याकुंड्यांवर कसलाही हक्क राहिला नाही. शब्द सुचतील तसे मी भरत गेलो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला शब्दांची काय वाण! मुलगी दाराशी उभी होती. कडेवर तीन वर्षांचा मुलगा होता. सही करून तिने एवढेच विचारले, “गुरुजी, आता मी मोकळी झाली का?”

मी ‘हो’ म्हणालो.

त्यानंतर तीन वर्षांनी तिला मालेगावकडचे एक स्थळ आले. माणसे समंजस होती. मुलासह तिला न्यायला तयार होती. फक्त त्यांनी कोर्टाचा कागद मागितला. तिच्या वडिलांनी माझा कागद पुढे केला. पाहुण्यांनी तो वाचला, चहा घेतला आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्यावर आली. रागावली नाही, रडली नाही. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “हा चालत नाही म्हणतेत.”

मी तिच्याबरोबर वाशिमला गेलो. बाईमाणसाला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारतर्फे फुकट वकील मिळतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. १९८७ च्या कायद्याने ती सोय केलेली आहे, आणि तिचे दार जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. तिथल्या वकीलबाईंनी माझा कागद दोनदा वाचला.

“अक्षर सुरेख आहे,” त्या म्हणाल्या.

“आणि बाकी?”

“बाकी काही नाही.”

मग त्यांनी विचारले, “तुमच्या जातीत पंचांपुढे काडीमोड करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे का?” तशी रीत असेल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा तिला मानतो, मात्र ती कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. या घरात तशी रीत नव्हती. तेव्हा लग्न होते तसेच कायम होते. या कागदावर विसंबून तिने दुसरे लग्न केले असते, तर ते मुळातच रद्दबातल ठरले असते, आणि गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा! माझ्या मोत्यासारख्या अक्षराने मी तिला कोणत्या उंबरठ्यावर नेऊन उभे केले होते, ते मला त्या बाकावर कळले.

तेलंगणातील एका बाईची गोष्टही मी तिथेच ऐकली. पहिल्या नवऱ्यापासून ती अशाच लेखी समजुतीने वेगळी झाली होती. दुसऱ्याने सारे ठाऊक असून तिच्याशी लग्न केले आणि पुढे बिनसल्यावर ‘ही माझी बायकोच नव्हे’ म्हणून हात वर केले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तिला पोटगी दिली खरी. पण तेवढ्यासाठी बिचारीला दिल्लीपर्यंत जावे लागले.

काडीमोड! शब्द किती सोपा! गवताची काडी मोडायला जोर लागत नाही. पण पांढरपेशा घरांतील बायकांना ती काडीसुद्धा मोडता येत नव्हती. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. आमच्या आयाबायांना तो हक्क १९५५ च्या कायद्याने मिळाला, आणि दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची सोय १९७६ साली झाली.

वकीलबाईंसमोर ती एकेक प्रश्न विचारीत होती आणि मी शाळेतल्या मुलासारखा ऐकत होतो. अर्ज कुठे करायचा? सासर दूर असले तरी बाई राहते तिथे करता येतो. २००३ पासून तशी तरतूद आहे. किती दिवस लागतील? दोघे राजी असतील आणि वर्षभर वेगळे राहत असतील, तर अर्ज करावा, सहा महिन्यांनी पुन्हा यावे. योग्य वाटल्यास ते सहा महिनेही कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. दागिने? माहेरचे आणि सासरचे जे तिला म्हणून दिले, ते तिचेच. आणि पोटगी?

इथे तिने माझ्याकडे पाहिले. “ते तर मी लिहून देल्लं ना?”

वकीलबाई हसल्या. “पोटगी नको असं लिहून दिल्यानं तो हक्क सहसा बुडत नाही. आणि मुलाचा हक्क तर तुम्हाला सोडताच येत नाही.” पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात ठरविले, तो मूळचा आपल्या नागपूरचा, हेही त्यांनी सांगितले. मी लिहिलेले एकही वाक्य टिकले नाही, याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तिचा नवराही अडकलेलाच होता. त्यालाही पुन्हा संसार मांडायचा होता. दोघांनी मिळून अर्ज केला. मुलगा आईकडे, त्याच्या खर्चाला दरमहा रक्कम, आणि दागिने परत, असे ठरले. कोर्टाने सहा महिने थांबविले. त्या सहा महिन्यांत आजवर कुणी न विचारलेले तिला विचारले गेले, आणि तेही दोनदा: तुझ्यावर कुणाची बळजबरी नाही ना? ओसरीवर आम्ही दहाबारा शहाणी माणसे बसलो होतो. आमच्यापैकी एकालाही हे विचारायचे सुचले नव्हते.

निकालाची नक्कल घेऊन ती माझ्या ओट्यावर आली. “वाचून सांगा जी,” म्हणाली. टंकलेले, ठिकठिकाणी पुसट झालेले पान होते. मी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचले. तिने या वेळी काही विचारले नाही. कागदाची घडी घातली, पोराचा हात धरला आणि ती घराकडे निघाली.

अजूनही कधी कुणी बाँड घेऊन येते. मी पेन उचलत नाही. वाशिमच्या गाडीची वेळ मात्र सांगतो.