शिंगणापूरहून रेहेकुरीच्या माळावर

शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा आहे. २०११ साली तेथे बँकेची शाखा उघडली, तीही नेहमीचे कुलूप न लावता. हे नवल पाहून बहुतेक प्रवासी घराकडे वळतात. मात्र हाताशी आणखी एक दिवस असेल, तर याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील एक माळ अवश्य पाहण्याजोगा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्यात, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे. सह्याद्रीच्या या रांगा पावसाळी ढग अडवतात आणि पूर्वेकडचे तालुके कोरडे राहतात. कर्जत हा असाच एक अवर्षणग्रस्त तालुका. सोलापूर रस्त्याने मिरजगाव आणि तेथून कर्जतकडे वळले की रेहेकुरी येते. खुरटे गवत, बाभूळ, हिवर, बोरी आणि तापलेली मुरमाड जमीन. प्रथमदर्शनी येथे पाहण्यासारखे काहीच वाटत नाही.

तेवढ्यात काळविटांचा कळप दिसतो. नराची पाठ काळसर, पोट पांढरे, शिंगे पिळदार. माद्या फिकट तपकिरी. चाहूल लागताच एक हरिणी उंच उडी घेते आणि पाठोपाठ सारा कळप उधळतो. ताशी सुमारे ८० किलोमीटरचा हा वेग चित्त्यापासून जीव वाचवण्यासाठी होता. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. हरणांची धाव मात्र तशीच राहिली.

१९८० साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. हरणांना ही सरकारी हद्द कळत नाही. चरत चरत ती भोवतालच्या शेतांत शिरतात आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे उभे पीक खातात. नुकसानभरपाईची तरतूद आहे. तरी हाती येणारे पीक गेल्याचे दुःख त्यालाच सोसावे लागते. पाहुण्यांना दिसणाऱ्या अभयामागे या शेतकऱ्याच्या सहनशीलतेचाही वाटा आहे. जमाखर्चात वाढलेल्या माणसाला तो सहज उमगावा.

येथे सकाळी लवकर जावे. पाणी व शिदोरी सोबत असावी. भोंगा वाजवू नये, हरणांना खाऊ घालू नये आणि वनरक्षकाचे सांगणे ऐकावे. परतताना रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून ज्वारी किंवा तूर घेतली, तर त्या ऋणाची थोडी तरी फेड होईल.