अरुंधतीच्या वाटेने

तारुण्यात केवळ उघड्या डोळ्यांनी नक्षत्रांशी ओळख करून घेतलेला आणि पुढे उमेदीची सारी वर्षे सरकारी दप्तरात खर्ची घातलेला मनुष्य सहा इंची आरशाची नवी दुर्बीण घेऊन पुन्हा आकाशाकडे वळतो, तेव्हा जुन्या ओळखीवर येथे वतनदारी सांगता येत नाही, हे त्याच्या प्रथम ध्यानात येते. मृग, रोहिणी, कृत्तिका ही नावे जिभेवर असतात. परंतु नळीच्या चिंचोळ्या क्षेत्रात दिसणारा तारकासमुदाय अनोळखी असतो, उलटा असतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे सारखा कडेकडे सरकत असतो. हे पुनश्च विद्यार्थी होणे मला मनापासून प्रिय झाले आहे.

आमचे जवळा बाजार हे गाव या विद्येला अनुकूल आहे. हळद शिजवण्याच्या हंगामात धूर आणि वाफ यांनी क्षितिज मळते खरे, पण रात्र चढली की गच्चीवरून उत्तर दिशा स्वच्छ दिसते. ध्रुव जेमतेम २० अंश उंचीवर असल्याने सप्तर्षी ऐन वैशाखात त्याच्या माथ्यावर येतात.

विवाहात वधूला अरुंधती दाखवताना आधी शेजारचा ठळक तारा दाखवावा आणि त्याच्या आधाराने दृष्टी सूक्ष्म तारकेकडे न्यावी, या युक्तीला शास्त्रकारांनी स्थूलारुंधतीन्याय म्हटले, आणि आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात हा दृष्टान्त योजला. ग्रंथात वाचलेला तो न्याय दुर्बिणीपाशी प्रत्यक्ष आचरावा लागतो. वसिष्ठ क्षेत्रात धरला की सुमारे १२ कलांवर अरुंधती सापडते. मग अधिक शक्तीचे नेत्रभिंग चढवावे, तो वसिष्ठ स्वतःच दुभंगतो आणि अवघ्या १४ विकलांच्या अंतराने दोन शुभ्र ज्योती शेजारी शेजारी उभ्या राहतात. गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने १६१७ साली हे युगुल पाहिले होते. ज्याला आपण केवळ खूण म्हणून धरले, त्याच्याच पोटात इतके दडलेले असावे, याचे नवल अजून ओसरत नाही.

तेथून मरीचीकडे, आणि मरीचीपासून साडेतीन अंश बाजूला सरकले की दोन कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका सर्पिल दीर्घिकेचा फिकट डाग येतो. तो रोखून पाहिला की विरतो आणि नजर किंचित बाजूला ठेवली की उमलतो. कारण अंधुक प्रकाशाला जागणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी नसतातच. त्याआधी अर्धा तास काळोखात बसून डोळा तयार करावा लागतो. दुर्बीण विकत मिळते, ही नजर मात्र रोजच्या हजेरीने कमवावी लागते.

हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी वेधशाळा उभारली आणि पुढे सरकारने ती ताब्यात घेतली. आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-मोजणीतला एक पट्टा तिच्याकडे होता. जमिनीच्या जमाबंदीत मुरलेल्या त्या राजवटीने ताऱ्यांचीही मोजणी मनावर घेतली, याचे मला फार मोल वाटते. आज आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसरचे किरण फिरवून, २०१५ साली अमेरिकेत प्रथम पकडल्या गेलेल्या गुरुत्वीय लहरींचा वेध तेथे घेतला जाईल. तिला दृश्य प्रकाशाची गरज नाही, तरी तिच्या पंचक्रोशीतल्या मुलांनी वसिष्ठ-अरुंधती स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. म्हणून गच्चीचे दार मी त्यांच्यासाठी उघडे ठेवतो, आणि नळीला हात लावण्यापूर्वी त्यांच्याकडून सप्तर्षींची नावे वदवून घेतो.

मृगाचा पाऊस लागला की नळी माजघरात जाईल. तोवर कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या थव्यापर्यंत पोहोचायचे आहे. त्यासाठी बारीक ताऱ्यांचा नवा नकाशा मागवला आहे.