नंबरापलीकडचं शिक्षण

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, तेव्हा बरोबरीची बहुतेक मुलं प्रॉडक्शनकडे वळली. मी औद्योगिक मालाच्या विक्रीत उतरायचं ठरवलं. दिवसा भोसरीत बेअरिंग-बेल्टच्या एका डीलरकडे नोकरी आणि संध्याकाळी मार्केटिंगचा वर्ग, असं माझं शिक्षण झालं.

दुकानात आधी बेअरिंगचे नंबर वाचायला शिकलो. ६२०५ मधल्या ०५ला पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. ०० ते ०३ला मात्र हा हिशेब चालत नाही. त्यांचे १०, १२, १५ आणि १७ पाठच करावे लागतात. पुढे टू-झेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टू-आरएस असेल तर रबरी सील.

एकदा एक फिटर घाईत आला. मोटरचं बेअरिंग सारखं जात होतं. "शेठ, तोच नंबर द्या." शेठनी आधी जुनं बेअरिंग पाहायला मागितलं. ग्रीस धुऊन गेलेलं, गोळ्यांच्या वाटेवर गंज. "मोटरवर कूलंट उडतं का?" "उडतं की." पत्र्याचं झाकण धूळ बरीच अडवतं, पाणी नाही. शेठनी रबरी सीलचं दिलं. शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावरच द्या, बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर मार गोळ्यांना बसतो, हेही समजावलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "नंबर कॅटलॉगात मिळतो. बेअरिंग का गेलं, ते विचारावं लागतं."

वर्गात त्याच सुमारास स्टॉकचं एबीसी वर्गीकरण शिकत होतो: ज्या मालात पैसा जास्त अडकतो तो ए, कमी अडकतो तो सी. पण स्वस्तातलं एखादं ऑइल सील सी गटात असूनही ते नसलं तर अख्खी प्रेस उभी राहते. त्यासाठी व्हीईडी वर्गीकरण असतं. त्यात वस्तूची निकड पाहतात. कुठल्या गिऱ्हाइकाला कशाची निकड आहे, हे मात्र त्याच्या शॉपफ्लोअरवर गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी ऑर्डर घ्यायला गेलो की परचेसवाल्यांइतकाच वेळ मेन्टेनन्सवाल्यांना देऊ लागलो.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलांनी दर आणि डिस्काउंट जरूर शिकावेत. पण आपला माल कुठल्या मशीनवर बसतो आणि ती थांबली तर कोणाचं काम अडतं, हे ज्याला माहीत असतं, त्यालाच ब्रेकडाउनच्या वेळी पहिला फोन येतो.