काळी गादी, पांढरं पाणी!

एमआरआयची फिल्म कधी उजेडासमोर धरून पाहिलीय? नुसता रिपोर्ट नका वाचू, फिल्म बघा! मी डॉक्टर नाही, मला यातलं काही कळत नाही, पण आईची कंबर दुखते म्हणून काढलेली फिल्म खिडकीशी धरली आणि तेव्हापासून मला चैन नाही! या, तुम्हीही बघा!

हे मणके, एकाखाली एक. मधे गाद्या. टी-टू नावाच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, म्हणून वरच्या गाद्या बघा कशा उजळ! आणि खालची, एल-फोर एल-फाइव्ह म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली? काळी! पाणी आटलेलं! आणि मग मागे तो पांढराशुभ्र पाट, मेंदूभोवती असतं तेच पाणी, आणि त्यातून उतरणारा मज्जारज्जू, तो तर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, आणि मग खाली नुसत्या नसा, पाण्यात सोडलेल्या शेवयांसारख्या सुट्या! एवढ्याशा धाग्यांवर आपण चालतो!

रिपोर्टात मात्र ‘डिजनरेशन’ म्हणजे झीज, ‘बल्ज’ म्हणजे फुगवटा. वाचूनच आई धसकली, गादी सरकली म्हणून वाकेना! आणि मग मला ते सापडलं! 1994 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला अभ्यास. कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, त्यांत दुखणाऱ्या 27 जणांचे मुद्दाम मिसळले, म्हणजे तपासणाऱ्याला कोण कुठला ते कळू नये. काय हुशारी! आणि न दुखणाऱ्यांपैकी 52 टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली! सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त 36 टक्के! पुढे 2015 मध्ये असे 33 अभ्यास एकत्र केले, तर काहीही दुखत नसताना गाद्या झिजलेले विशीत 37 टक्के, ऐंशीत 96! विशीत, अहो!

आणि बाहेर आलेला गादीचा तुकडा? शरीराच्याच पेशी तो पुष्कळदा हळूहळू खाऊन टाकतात, आणि मोठा तुकडा छोट्यापेक्षा जास्त वेळा विरतो! मोठा!

हो, पण पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर फिल्म बघत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. एरवी डॉक्टरांना एवढंच विचारा: कळ पायात जिथे उतरते तिथलीच नस फिल्मवर दबलेली दिसते का? आईच्या पुढच्या खेपेला मी हेच विचारणार आहे, आणि फिल्मही डॉक्टरांसोबत बसून पुन्हा बघणार आहे!