कॅमेऱ्यातील एक काच

'प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले' हे आपल्याकडे खरेपणाचे शेवटचे प्रमाण समजले जाते. आणि डोळ्यांच्या खालोखाल मान कोणाचा असेल, तर तो छायाचित्राचा. कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु कॅमेरा काही गोष्टी जाणूनबुजून झाकून ठेवतो, आणि या झाकण्यातच त्याची बरीचशी उपयुक्तता आहे, हे मला एका जुन्या यंत्राने शिकविले. ते आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले व निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला. हेच अवरक्त किरण होत. प्रकाशलहरींची लांबी नॅनोमीटरांत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. आपल्या डोळ्यांची धाव साधारणतः ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत. परंतु डिजिटल कॅमेऱ्यातील सिलिकॉनच्या सेन्सरला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जाणवतो. सेन्सरला डोळ्यांहून अधिक दिसते, हीच कारखानदाराची अडचण! तो अधिकचा प्रकाश चित्रात शिरला, तर चेहरे तांबूस दिसतील व काळे वस्त्र जांभळट उमटेल. म्हणून सेन्सरपुढे एक निळसर काच बसविलेली असते. ती अवरक्त किरण अडविते, आणि त्यांबरोबर गडद तांबड्या प्रकाशाचाही मोठा भाग गाळून टाकते.

लग्नसमारंभात यामुळे काही बिघडत नाही. उलट सारे सुधारते. परंतु आकाशातील तेजोमेघांचे तसे नाही. त्यांतील तप्त हायड्रोजन वायू ६५६.३ नॅनोमीटरच्या गडद तांबड्या रंगात तेजाळत असतो, आणि त्या रंगाचा जेमतेम चौथा हिस्सा या काचेतून पार होतो. म्हणून आकाशाची चित्रे घेणारे हौशी लोक ती काच काढवून दुसरी बसवून घेतात. काही कारखानदारांनी तर खास आकाशासाठी असे कॅमेरे काढले होते. कॅननने २००५ मध्ये व निकॉनने २०१५ मध्ये.

छायाचित्राने आकाश पाहण्याची विद्या आमच्या भागास अगदीच परकी नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा परांडा तालुक्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात, जेऊर येथे, पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तळ ठोकला होता. अमेरिकेतील लिक वेधशाळेची मंडळीही आपला चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तेथेच आली होती. त्या काळच्या साध्या काचपट्ट्यांवर निळा प्रकाश चटकन उमटे, तांबडा मात्र जवळजवळ उमटतच नसे. म्हणजे त्यांची दृष्टी रसायनाने आखून दिलेली होती, आमची एका काचेने. प्रत्येक काळाच्या यंत्राला आपापले आंधळेपण असते.

आता त्या जुन्या यंत्राविषयी. माझे चुलते उमरग्यास फोटोचा व्यवसाय करीत. वयोमानाने त्यांनी दुकान बंद केले, तेव्हा त्यांचा शेवटचा कॅमेरा माझ्याकडे आला. त्यातील काच बदलून घ्यावी, असे माझ्या मनात आले, व मी ते त्यांच्या कानावर घातले.

ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या मौनाचे कारण मला ठाऊक होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, सास्तूर-किल्लारीकडील गावेच्या गावे ढासळली, आणि त्यानंतरच्या महिन्यांत कितीतरी माणसे त्यांच्या दुकानाची पायरी चढली. घराबरोबर घरातील तसबिरीही ढिगाऱ्याखाली गेल्या होत्या. 'आमच्या माणसाची जुनी काच तुमच्याकडे असेल का?' असे ती विचारीत. निगेटिव्हला आमच्याकडे काचच म्हणत. चुलत्यांनी रात्र-रात्र बसून खोकी धुंडाळली, आणि जी सापडली तिची प्रत मोबदला न घेता दिली. कॅमेरा हा माणसांचे चेहरे राखण्यासाठी असतो, ही त्यांची श्रद्धा त्या दिवसांत घडलेली होती.

अखेर ते म्हणाले, "म्हणजे याला पुन्हा माणूस नीट दिसणार नाही, असेच ना?"

मी म्हणालो, "काका, पुढे दुसरा फिल्टर लावला, तर पुष्कळसे सावरता येते. पण अंगाचा रंग पूर्वीसारखा हुबेहूब येईल, अशी हमी नाही. आणि उघडताना कॅमेरा कायमचा बिघडण्याचाही संभव आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

त्यांनी महिनाभर विचार केला. मग एके दिवशी त्यांचाच निरोप आला, "सोलापूरला जाऊ. कारागिरासमोर मी स्वतः बसेन." बसमध्ये ते मला म्हणाले, "चेहरे टिपायला आता ज्याच्या त्याच्या खिशात यंत्र आहे. तू म्हणतोस ते कोणाच्या खिशात आहे?"

कारागिराने सेन्सर बाहेर काढून निळसर काच उतरविली व त्या जागी पारदर्शक काच बसविली. काच नुसती काढून भागत नाही. कारण काचेतून जाताना प्रकाशाचा मार्ग बदलतो, आणि ती नसल्यास प्रतिमा सेन्सरवर रेखीव उमटत नाही. धुळीचा एक कणही आत राहिला, तर तो प्रत्येक चित्रात डाग होऊन बसतो. चुलते तो सारा वेळ श्वास रोखून पाहत होते.

पौषातील अमावास्येच्या सुमारास आम्ही नळदुर्गजवळच्या एका माळावर गेलो. मृग नक्षत्र डोक्यावर येऊ लागले होते. पृथ्वी फिरत असल्याने दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्यात ताऱ्यांच्या रेघा उमटतात. म्हणून पाच-पाच सेकंदांची तीनशे चित्रे घेतली व घरी संगणकावर ती एकावर एक जुळविली. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपाशी तांबडी आभा प्रकटली, आणि नक्षत्राला पूर्वेकडून कवेत घेणारी एक पुसट तांबडी कमान दिसली. ही बर्नार्डची कमान. याच कॅमेऱ्याने पूर्वी घेतलेल्या चित्रात तेथे नुसता काळोख होता. चुलत्यांनी चष्मा पुसून ते चित्र पुनःपुन्हा न्याहाळले.

दिवसा भिंगापुढे ७२० नॅनोमीटरचा काळा फिल्टर लावला, की हाच कॅमेरा अवरक्त चित्रे घेतो. भर दुपारी कडुनिंब बर्फासारखा शुभ्र दिसतो, आकाश काळवंडते आणि बोरी नदीचे पाणी शाईसारखे उमटते. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते, परंतु त्याच्या आतील पेशी अवरक्त प्रकाश परत फेकतात. भारताचा १९८८ मधील पहिला नियमित सेवेचा दूरसंवेदन उपग्रह अशाच एका अवरक्त पट्ट्यातूनही पृथ्वी पाहत असे. रोगाने वा पाण्यावाचून खंगणारे पीक ओळखण्यास या प्रकाशाचे मोठे साहाय्य होते. आमच्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यास ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. मात्र हा कॅमेरा अंगाची उष्णता पाहतो, असे कोणी समजू नये. ती सुमारे १०,००० नॅनोमीटरच्या लहरींची असते व सिलिकॉनला अगोचरच राहते.

विद्यार्थ्यांनी एक सोपा प्रयोग करावा. दूरदर्शन संचाच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबावे. डोळ्यांस न दिसणारा ठिपका बहुधा पडद्यावर चमकताना दिसेल. परंतु घरातील कॅमेरा स्वतः उघडण्याचे धाडस कोणीही करू नये. फ्लॅशच्या संधारित्रात, सेल काढल्यावरही, शेकडो व्होल्टचा विद्युत्‌भार साठून राहतो. तो जिवावर बेतू शकतो.

बालमित्रांनो, कोणतेही साधन कोणाची तरी गरज मनात धरून घडविलेले असते, आणि त्या गरजेपायी काहीतरी वगळलेले असते. काय वगळले, हे विचारण्याची सवय ही शास्त्राची पहिली पायरी होय. परंतु वगळलेले परत मिळविताना हातचे काय सुटणार, याचाही हिशेब आधी मांडावा, आणि ते ज्याचे असेल त्याची संमती घ्यावी.